राखून ठेवलेली उडी

मुलांना पाण्यात उतरवायला काही लागत नाही, बाहेर काढायला अक्कल लागते, असं शिट्टीमावशी म्हणायची. ती अक्कल आपल्याकडे आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर ती खिडकीत बसून बिल्ले द्यायची. कपडे ठेवायच्या खणाला जो नंबर, त्याच नंबरचा पितळी बिल्ला मनगटाला बांधायचा. हे तिचं पगाराचं काम. दुसरं काम तिच्या गळ्यात हिरव्या दोरीला लटकलेलं असायचं. दर तासाला शिट्टी वाजवून सगळ्यांना दहा मिनिटं पाण्याबाहेर बसवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावात साठ-सत्तर पोरं असायची. शिट्टी झाली की ती बाहेर यायची खरी, पण मिनिटाच्या आत एकाचा पाय ‘घसरायचा’. मग दुसऱ्याचा, मग अख्ख्या रांगेचा. उंच खुर्चीवरचा जीवरक्षक ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा.

मावशीने यावर तोड काढली. सगळ्यांनी काठावर ओळीने बसायचं आणि ती एक प्रश्न विचारणार. उत्तर येत असेल त्याने बोट वर करायचं. जागेवरून उठला तो बाद. आणि बरोबर उत्तराचं बक्षीस काय, तर पहिली उडी.

ज्याने कधी दहा मिनिटं काठावर बसून तलाव बघितला नाही, त्याला ही काय चीज आहे ते कळायचं नाही. साठ पोरांनी घुसळलेलं पाणी हळूहळू निवतं. लाटा थांबतात, फेस जातो, तळाच्या निळ्या फरश्या एकेक मोजता येतात. त्या पाण्यात तुम्ही एकट्याने उडी मारायची आणि बाकीच्यांनी बघत बसायचं. त्यापुढे मी माझी नवी सायकलसुद्धा देऊन टाकली असती.

म्हणून आम्ही हूं की चूं न करता बसायचो. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. शुक्रावर दिवस मोठा की वर्ष? दिवस. जिराफाच्या मानेत मणके किती? सात, तुमच्या-आमच्याइतकेच. शाळेत एवढं लक्ष दिलं असतं तर आमच्यातले निम्मे आज शास्त्रज्ञ असते.

हे प्रश्न यायचे ते कुणीतरी खणात विसरलेल्या एका जाडजूड पुस्तकातून. सामान्यज्ञानाचे हजार प्रश्न. ओल्या टॉवेलखाली आठवडाभर दबून ते फुगून उशीएवढं झालं होतं. पुढची प्रश्नांची पानं कशीबशी सुटली. मागची उत्तरांची मात्र अशी चिकटली होती की विटेसारखा ठोकळा झाला होता. म्हणजे मावशीकडे प्रश्न हजार आणि उत्तर एकही नाही.

दुसऱ्या कुणी ते पुस्तक फेकून दिलं असतं. मावशीने उत्तरं माणसांकडून गोळा केली. सकाळी सहाला मोठी माणसं पोहायला यायची. त्यांच्या हातावर बिल्ला ठेवता ठेवता ती प्रश्न टाकायची, “डॉक्टरीणबाई, जिराफाच्या मानेत मणके किती हो?” दुपारपर्यंत उत्तर आमच्यासाठी तयार. गवंडीकाका बहुतेक वेळा “माहीत नाही, विचारून सांगतो,” म्हणायचे आणि दोन दिवसांनी खरंच विचारून सांगायचे. वकीलसाहेब मात्र ‘माहीत नाही’ हे शब्द जन्मात बोलले नव्हते. जगाचं ज्ञान आपल्या खिशात आहे असा त्यांचा थाट असायचा, आणि पोहायच्या चड्डीला तर खिसाही नव्हता.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझा बिल्ला सतरा नंबरचा, टोपी पिवळी आणि राग नाकाच्या शेंड्यावर. नाक आता थोडं मोठं झालंय, बाकी तसंच आहे. त्या अख्ख्या सुट्टीत मला एकदाही पहिली उडी मिळाली नव्हती. उत्तरं यायची, पण माझं बोट वर जाईपर्यंत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. सुट्टी संपायला चार दिवस उरले असताना मावशीने विचारलं, “हत्ती आणि पाणघोडा. यांतल्या कुणाला पोहता येत नाही?”

मी हे आदल्याच आठवड्यात एका मासिकात वाचलं होतं. बोट असं वर फेकलं की शेजारणीचा डोळाच जायचा.

“पाणघोडा!”

मावशीने मान हलवली. “चूक. हत्ती.”

“नाही! पाणघोडाच! तो तळावरून चालतो. हत्ती मस्त पोहतो, सोंड वर काढून!”

“अगं, त्याच्या नावातच पाणी आहे. आणि हत्तीचं वजन बघ की. वकीलसाहेबांनी सांगितलंय मला.”

सगळी रांग फिदीफिदी हसली. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मी ताडकन उठले आणि ओरडले, “तुम्हाला काहीच येत नाही! तुम्ही शाळेत तरी गेलात का कधी?”

हसणं थांबलं. मावशीने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “गेले होते. चौथीपर्यंत.” आणि नेहमीच्या आवाजात पुढे, “उठलीस, बाद. बस खाली.”

मी बसले नाही. ओल्या पायांनी तडक चालत सुटले, खिडकीत बिल्ला आपटला आणि घर गाठलं. टोपी काठावरच राहिली. उरलेले चार दिवस मी आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो आणि पोटदुखी आपोआप बरी झाली.

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगत आले. हट्टी बाई, माझ्यावरचा घोर अन्याय, पाणघोडा. लोक पोट धरून हसायचे. शाळेचं वाक्य मात्र मी दर वेळी गाळायचे. खरं सांगायचं तर राग वर्षभरात विरला होता. उरली होती ती लाज, आणि ती लपवायला राग बरा पडत होता.

आता मी अडतीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जुन्या भागात राहायला आलो. तलाव घरापासून दहा मिनिटांवर आणि मुलगी नऊ वर्षांची, त्यामुळे उन्हाळ्यात घोडं कुठे पेंड खाणार ते मला दिसतच होतं. मी तिला फाटकापर्यंत सोडायला लागले, पण आत पाऊल टाकलं नाही. का, म्हणून तिने विचारलं तर म्हटलं, “क्लोरीनने डोळे चुरचुरतात.” चष्म्याच्या दुकानातल्या बाईला शोभेलसं कारण.

पहिल्याच दिवशी रात्री जेवताना ती म्हणाली, “आई, तिथे एक गंमत आहे. पहिल्या दिवशी पहिली उडी कुणालाच मिळत नाही.”

“का गं?”

“ती एका मुलीची आहे म्हणे. खूप खूप वर्षांपूर्वीच्या. तिचं उत्तर बरोबर होतं आणि शिट्टीमावशींनी चूक म्हटलं. म्हणून दर उन्हाळ्यात पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवतात आणि मावशी विचारतात, ‘आली का गं?’ मग एक मिनिट वाट बघायची. ती येतच नाही. मग सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या.” तिने घास घेतला. “मावशी या वर्षी रिटायर होणार आहेत. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक घंटा बसवणार. आई, ती मुलगी मेली असेल का?”

“जेव,” मी म्हटलं.

एखादी शहाणी बाई दुसऱ्या दिवशी गेली असती. मी दोन महिने घालवले. आज दुकानात गर्दी, उद्या पाहुणे, परवा केस धुवायचेत. शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट. तो म्हणाला, “ती बाई अठ्ठावीस वर्षं वाट बघतेय आणि तू केस धुवायचेत म्हणतेस?”

हंगामाच्या शेवटच्या दिवशी पिशवीत पोहायचे कपडे भरले आणि नाक मुठीत धरून फाटकाच्या आत गेले. खिडकी तीच. मावशीचे केस पांढरे झाले होते, दोरी मात्र हिरवीच. मागच्या फळीवर ते पुस्तक सुतळीने बांधून ठेवलेलं.

“कितवा देऊ?” तिने वर न बघता विचारलं.

“सतरा.”

“सतरा कुणाला देत नाही. सोळा घ्या.”

तिच्या मागे बिल्ल्यांचे खिळे होते. सतराव्या खिळ्यावर बिल्ल्याच्या जोडीला एक पिवळी टोपी लटकत होती, रबर वाळून भेगा पडलेली. वाटेत मी माफीचं एक झकास भाषण पाठ केलं होतं. त्यातलं अक्षरही आठवेना.

“पाणघोडा,” मी म्हटलं.

तिचा हात थांबला. तिने चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. बहुतेक नाकावरूनच ओळखलं असावं.

“किती उशीर केलास गं,” ती म्हणाली.

“मावशी, त्या दिवशी मी ते शाळेचं बोलले...”

“खरंच होतं ते. म्हणून तर झोंबलं.” तिने टोपी खिळ्यावरून काढली. “तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी पान सुटलं बघ. पंपाच्या खोलीत गरम असतं, तिथे पुस्तक वाळत ठेवायचे मी. रोज स्टीलची पट्टी घालून एकेक पान सोडवायचे. प्रश्न एकशे चाळीस, उत्तर पाणघोडा. तीनदा वाचलं, अक्षरावर बोट ठेवून. वकीलसाहेबांना दाखवलं तर म्हणतात, छपाईची चूक असेल! तुझं घर शोधत आले, तर तुम्ही सामान हलवलेलं.”

“मला माफ करा, मावशी.”

“आधी उडी मार. मग बघू.”

मी कपडे बदलून येते तोवर शिट्टी वाजली. घड्याळात सव्वाचार. तीस वर्षांच्या नोकरीत ती शिट्टी तासाव्यतिरिक्त कधी वाजली नव्हती. जीवरक्षक खुर्चीवरून पडता पडता वाचला. पोरं कुरकुरत बाहेर आली आणि काठावर बसली. मी रांगेच्या टोकाला बसले, गुडघे कुरकुरत. लेकीने मला बघितलं आणि तिचा आ वासला.

“आई? ती मुलगी तू आहेस?”

“कुणी बोलायचं नाही,” मावशी म्हणाली. “आजचा प्रश्न फक्त हिला. हत्ती आणि पाणघोडा. यांतल्या कुणाला पोहता येत नाही?”

उत्तर तर रांगेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. काहींनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी बोट वर केलं.

“पाणघोडा.”

“बरोबर.” मग आवाज चढवून, शेवटच्या पोराला ऐकू जाईल असं, “तेव्हाही बरोबर होतं. चूक माझी होती.”

मी उठले नाही, नाहीतर पुन्हा बाद. बसल्या जागेवरून तितक्याच मोठ्याने म्हटलं, “आणि मी मावशींना फार वाईट बोलले होते. मला त्याची अजून लाज वाटते.”

मावशीने भेगाळलेली टोपी माझ्या डोक्यावर कशीबशी चढवली आणि शिट्टी फुंकली.

पाणी अगदी निवलेलं होतं, तळाच्या फरश्या दिसत होत्या. मी धावले, उडी मारली आणि साफ पोटावर आपटले. आवाज म्हणे फाटकापर्यंत गेला. टोपीचे दोन तुकडे झाले. वर आले तेव्हा साठ पोरं लोळत हसत होती आणि माझ्या लेकीने टॉवेलात तोंड लपवलं होतं. इतकी घाणेरडी आणि इतकी सुंदर उडी मी आयुष्यात मारलेली नाही.

“मावशी, तुम्हीपण या!” मी पाण्यातून हाक मारली.

“मला कुठे येतं पोहायला?” ती म्हणाली.

हसू एकदम थांबलं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, जीवरक्षकालाही नाही.

“ते पान सुटलं तेव्हा पंपाच्या खोलीत एकटीच हसत बसले होते मी,” मावशी म्हणाली. “सगळा जन्म पाण्यापाशी आणि पोहण्याच्या नावाने पूज्य. असा प्राणी हत्ती कसा असेल? आरशात बघितलं असतं तरी उत्तर कळलं असतं.”

तेवढ्यात रांगेतून एक बोट वर गेलं. माझ्या लेकीचं.

“पण मावशी, पाणघोडा तळावरून चालतो ना?”

मावशीने गळ्यातली हिरवी दोरी काढून काठावर ठेवली, चपला तिच्या शेजारी, आणि अंगावरच्या कपड्यांसकट उथळ बाजूच्या पायऱ्या उतरायला लागली. शेवटच्या पायरीवर थबकली. मी हात पुढे केला तो तिने असा घट्ट धरला की माझी बोटं दुखली. पाणी कमरेपर्यंत आलं. एक पाऊल, मग दुसरं.

“गार आहे गं!” ती ओरडली आणि लहान मुलीसारखी हसली.

खोल बाजूच्या दोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं आम्ही चालत राहिलो. शिट्टी काठावर पडून होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काठावरच्या साठ पोरांपैकी एकाचाही पाय घसरला नाही.