ओटीतला नारळ

भूतखेत, अंगात येणं, दृष्टांत... असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. फौजेतला सुभेदार मी. जे दिसतं त्यालाच सॅल्यूट, असा स्वभाव. तरीही हे लिहितोय.

मागच्या वर्षी कोरेगावला माझ्या भाचीचा, प्राजूचा साखरपुडा होता. मुलगा उंब्रजचा. ओटी भरायला होणाऱ्या सासूबाई पुढे झाल्या, प्राजूनं पदर पसरला, त्यांनी नारळ उचलला... आणि हात तिथंच थांबला.

"हिच्या वटीत नारळ हाय की आधीच," त्या शांतपणे म्हणाल्या.

सगळी बैठक प्राजूकडे बघायला लागली. लग्नाआधी पोरीबद्दल असं बोलणं म्हणजे काय, ते सांगायला नको. प्राजू रडत आत पळाली. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं, तोंड सांभाळून बोला," म्हणालो आणि साखरपुडा तिथंच मोडला.

दुसऱ्या दिवशी प्राजूला घेऊन मिरज गाठलं. साध्या लघवीच्या तपासणीवर भागलं असतं. पण मला सोनोग्राफीचा रिपोर्ट त्या बाईच्या तोंडावर मारायचा होता.

डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग सीटी स्कॅन झालं. गर्भबिर्भ काही नव्हतं. स्वादुपिंडाच्या टोकाला मोठी गाठ होती — क्वचितच होणारी, आणि झाली तर बहुधा तरुण मुलींनाच. प्राजूला जेवल्यावर जड वाटायचं, आम्ही त्याला पित्त म्हणायचो. "साधी असेल बहुतेक," डॉक्टर म्हणाले, "पण आत फुटली तर जिवावर बेतेल. काढायलाच हवी."

ऑपरेशननंतर त्यांनी ती ट्रेमध्ये चिरून दाखवली. बाहेरून गोल, तपकिरी, टणक कवच. आत कडेनं पांढरट गर आणि मधे गढूळ पाणी. माझे हात आपोआप जोडले गेले. पुढं तपासणीतही गाठ साधीच निघाली.

प्राजू हिंडूफिरू लागल्यावर मी उंब्रजला गेलो. "ताई, तुमाला कळलं कसं वो?"

"काय कळलं?"

"नारळाचं."

"मी कुटं काय बोलले? 'पदर नीट धर गं' म्हटलं, येवढंच. आन् तुमी एकदम अंगावर आलासा... का, ते मला अजून उमगलं न्हाई. पोर बरी हाय न्हवं?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या मालकांनी मान खाली घातली. त्यांनीही ते वाक्य ऐकलं होतं. बैठकीतल्या प्रत्येकानं ऐकलं होतं — बोलणारीनं सोडून.

याचा खुलासा माझ्यापाशी नाही. डॉक्टरांनाही विचारलं, ते नुसतेच हसले. त्या बाईच्या तोंडून कोण बोललं, मला माहीत नाही. आमची पोर जगली, एवढंच माहीत आहे.