गौतममामांची रांग

फोन आला तेव्हा मी कळंबच्या शाळेत वर्गावर होते. मामीचा आवाज शांत होता. "तुझे मामा गेले गं. चहा घेतला, खुर्चीत बसले अन्..." त्याला आता दीड महिना झाला. तरी कुणी मामांबद्दल विचारलं की तोंडात येतं, "गेलेत कुठंतरी, येतील." जन्मभर आमच्या घरात हेच तर उत्तर होतं.

माझ्या आईचे हे धाकटे भाऊ, ईट गावचे. बहात्तरच्या दुष्काळात ते आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. कामावरून परतताना आजी घागर घेऊन विहिरीवर थांबायची. आम्हा बौद्धांच्या बायकांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी; तोवर तळाला गाळच उरायचा. एका संध्याकाळी घागरीतला तो गाळ बघून मामा म्हणाले, "आई, म्या जातो."

"कुठं रं?"

"पाणी असंल तिकडं."

आधी ते बोअरच्या गाडीवर लागले. गाडी नेईल तिथं मुक्काम... कर्नाटक, आंध्र, पार मद्रासपर्यंत. त्या गाडीवर इंजिन शिकले आणि त्याच जोरावर मुंबईत मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत शिरले. एडन, मोंबासा, सिंगापूर... त्यांच्या पत्रांच्या पाकिटांवरची तिकिटं आम्ही भाचरं भांडून वाटून घ्यायचो.

सुट्टीत आले की मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. भर समुद्रात वादळानं बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. पिण्याच्या मोठ्या टाकीत खारं पाणी शिरलं, उरली एक छोटी टाकी. तिसेक माणसं, आणि मदत कधी येईल ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी खलाशांत मारामारी झाली. तेव्हा मामा कप्तानापुढं जाऊन उभे राहिले. "साहेब, मी दुष्काळातला माणूस आहे. पाणी मला वाटू द्या." कप्तानानं किल्ली दिली. सकाळी एक मग, संध्याकाळी एक मग, सगळ्यांना सारखा. कप्तानसुद्धा रांगेत. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्यांदा मग पुढं केला, तर मामांनी तोटी बंद करून त्याला मागं धाडलं. आठव्या दिवशी दुसऱ्या बोटीनं त्यांना ओढून नेलं. एकही माणूस दगावला नाही.

हे ऐकून आजीनं विचारलं होतं, "अन् तू कितव्या नंबरला प्यायचास?"

"शेवटी. पण गाळ नव्हता, आई."

पुढं बोट सोडून ते गावच्या दूध सोसायटीची गाडी चालवू लागले. पुन्हा पावसानं दगा दिला आणि गावात टँकर सुरू झाला. पहिल्याच दिवशी काही जण आमच्या बायकांना मागं सारू लागले. मामा टँकरच्या तोटीपाशी जाऊन उभे राहिले. "जो आधी आला, तो आधी भरंल. बोटीवर कप्तान रांगेत उभा व्हता. तुमी कोण लागून गेलात?" काही घरांनी त्यानंतर कित्येक महिने मामांशी बोलणं टाकलं. रांग मात्र मोडली नाही. त्या दिवशी पहिली घागर आजीची भरली. पहाटेपासून तीच बसली होती.

परवा ईटला गेले, तर घराला रंग देणं चाललं होतं. तिथल्या प्रत्येक फळीच्या कडेला मामांनी बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकलीय, बोट हलली तरी सामान पडू नये म्हणून असते तशी. मामी हसायची, "घर कुठं हलतंय व्हय?" रंगाऱ्यानं तिला विचारलं, "काकू, ह्या पट्ट्या काढू का?"

मामीनं हातातला डबा फळीवर ठेवला, पट्टीला टेकवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांच्यासकट रंग द्या."