शेजारच्या टेबलावरचा माणूस

महोत्सवाची पुस्तिका हातात पडली की डॉक्टरीणबाई आधी तिचा वास घेत आणि मग ती उघडत. यंदाही वास घेऊन त्यांनी ती घड्याळजींच्या पुढ्यात सरकवली.

"तुम्हीच वाचा. माझा चष्मा दवाखान्यात राहिलाय."

"लोकांच्या दातातली भोकं दिसतात, स्वतःचा चष्मा दिसत नाही," घड्याळजी म्हणाले आणि पुस्तिका हातभर लांब धरून वाचू लागले. "दुपारी चार, बाहुल्यांचा खेळ. साडेपाच, जुन्या छायाचित्रांचं प्रदर्शन. सात, एकल नृत्य, प्रकाशयोजनेविना."

"प्रकाशाविना म्हणजे?"

"अंधारात नाचणार असेल कुणी."

"मग मी घरीच डोळे मिटून बसते. तेवढंच तिकीट वाचेल."

तिसऱ्या खुर्चीवरच्या जाहिरातबाई हसल्या. सव्वीस वर्षं हे तिघं महोत्सवाच्या पहिल्या आठवड्यात नाट्यगृहासमोरच्या याच खानावळीत, खिडकीजवळच्या याच कोपऱ्यात जेवत आले होते. मधल्या काळात खुर्च्या दोनदा बदलल्या, मालकाच्या जागी त्याची सून बसू लागली, भिंतीवरचा आरसा जाऊन तिथे टीव्ही आला. सूप मात्र होतं तसंच होतं.

"नदीकाठी नवीन जागा निघालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाचा जाऊन आला. परातीएवढी बशी आणि मधोमध तीन वाटाणे. वेटर बशी उचलायला आला तेव्हा त्याला कळलं की आपलं जेवण झालं."

"इथलं सूप काय वाईट आहे?"

"सव्वीस वर्षं वाईट आहे. पण गरम असतं."

घड्याळजींनी पुस्तिका मिटली. "पुढच्या वर्षी तुम्ही दोघी खुशाल नदीकाठी जा. मी रविवारी निघतोय." हे दोघींनाही माहीत होतं. त्यांनी दुकान विकलं होतं, अवजारांची पेटी शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकली होती आणि मुलीच्या गावी, तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला ते निघाले होते. "जाण्याआधी एक काम राहिलंय. जाहिरातबाई, मला शिंकोबाला भेटायचंय."

जाहिरातबाईंचा चमचा वाटीतच राहिला.

"माफ केलं म्हणून सांगायचंय त्याला," घड्याळजी म्हणाले. "इतकी वर्षं शिव्या घातल्या, बिचाऱ्याच्या कानावरही गेलं नसेल. पत्ता द्या. उद्या इथेच जेवायला घेऊन येऊ. सूप त्यालाही पाजू, म्हणजे फिटंफाट."

अडचण अशी होती की शिंकोबा नावाचा माणूस या जगात कधीच नव्हता.

सव्वीस वर्षांपूर्वी जाहिरातबाई जाहिरात विभागात नव्हत्याच. एका दैनिकात त्या 'आज शहरात' ही यादी करत. खोली जिन्याखालची, टेबल एकच, बाजूला पाण्याचं पिंप. महोत्सवाच्या कचेरीतून कार्यक्रमांचा तक्ता यायचा, त्यात वेळा चोवीस तासांच्या हिशेबाने लिहिलेल्या. वाचकांसाठी बाईंनी प्रत्येकीतून बारा वजा करायचे. त्या वर्षी चौऱ्याऐंशी कार्यक्रम होते. त्यातल्या एका ओळीत, चार तास आकडे कापून झाल्यावर, त्यांनी बाराऐवजी दहा वजा केले. सतराचे पाच व्हायचे ते सात झाले.

रोज दुपारी छापलेलं कात्रण वहीत चिकटवायचं आणि तक्त्याशी ताडून पाहायचं, ही त्यांची शिस्त. त्या दिवशी साडेचार वाजता, बोटाला डिंक लागलेला असताना, त्यांना ती ओळ दिसली. त्या तशाच पळत सुटल्या. नाट्यगृहाशी पोचल्या तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ओळखपत्र दाखवून त्या आत शिरल्या आणि मागच्या भिंतीला टेकून उरलेलं वृंदगान त्यांनी ऐकलं. कार्यक्रम संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. सातला येतील त्यांची माफी मागायची, असं ठरवूनच.

सातच्या सुमाराला पाच-सहाजण आले, बंद दार पाहून परत गेले. दोघं थांबले. एक दातांची डॉक्टरीण, जिला घरी जाण्याची घाई नव्हती. दुसरा घड्याळं दुरुस्त करणारा, जो पेपराची गुंडाळी कठड्यावर आपटत होता. त्याची थोरली बहीण परगावी शिक्षिका होती. तिनेच त्याला वाढवलेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती रंगमंचावर एकटीने गाणार होती. पत्रात तिने लिहिलं होतं, वेळ पेपरात येईलच. दहा मिनिटांपूर्वी तिच्या गायकवृंदाची बस सुटली होती.

"ज्याने हे छापलंय ना, त्याला मी टांगतो," तो म्हणत होता.

"तुम्हीही पेपर वाचूनच आलात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि बाई "हो" म्हणाल्या. मग तिघं समोरच्या खानावळीत सूप प्यायला गेले.

पुढच्या वर्षी त्या पेपरातच नोकरीला आहेत हे उघड झालं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी जाहिरातीत. यादी शेजारच्या टेबलावर होते." शेजारी कोण, असा प्रश्न आलाच. बाईंनी पिंपाच्या जागी एक माणूस बसवला. टक्कल पडलेला, सारखा शिंकणारा, दुसऱ्यांच्या डब्यावर डोळा ठेवणारा. घड्याळजींनी त्याचं नाव शिंकोबा ठेवलं. दर वर्षी त्याची खबर विचारली जाई, त्यामुळे बाईंना त्याच्या मुलाचं लग्न करावं लागलं, त्याचे गुडघे दुखवावे लागले, स्वतः निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यालाही निवृत्त करावं लागलं.

घड्याळजींची बहीण बारा वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशीनंतर धरलेला अबोला सोडून भावाशी ती पुढे बोलू लागली होती, पण गाणं कसं झालं हे तिने कधी सांगितलं नाही. "आला असतास तर कळलं असतं," एवढंच म्हणायची. घड्याळजी हे हसत सांगायचे. मागच्या भिंतीला टेकून ते गाणं ऐकलेल्या बाई तेव्हा ताटाकडे बघत बसायच्या. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

"पत्ता देताय ना?" घड्याळजींनी खिशातून पेन काढलं.

शिंकोबाला एका वाक्यात मारता आलं असतं. मागच्या वर्षीच गेला, म्हटलं की झालं. घड्याळजी हळहळले असते, रविवारी निघून गेले असते.

"पत्ता नाही," बाई म्हणाल्या. "तिथे दुसरं टेबलच नव्हतं. पाण्याचं पिंप होतं. यादी मीच करायचे."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग थांबल्या. "अगं, मी त्याच्यासाठी ब्रश पाठवला होता."

"तो मी वापरला."

"आणि त्याचं ते मोडलेलं लग्न?"

"लग्न मुलाचं. मोडलं नव्हतं."

"तुम्ही जरा गप्प बसा," घड्याळजी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. पेनाचं टोपण लावायला त्यांना वेळ लागला. "दर वर्षी मी शिव्या देत होतो आणि तुम्ही मला मीठ देत होता."

"हो."

"का?"

"पहिल्या दिवशी तुमची भीती वाटली. नंतर तुम्ही दोघं यायचे बंद व्हाल याची."

घड्याळजी उठले. खुंटीवरचा कोट त्यांनी काढला, एका बाहीत हात घातला आणि तसेच उभे राहिले. घड्याळजीच ते, वेळा जुळवायची सवय हाडात गेलेली.

"मी आलो तेव्हा तुम्ही पायऱ्यांवर आधीपासून होता," ते म्हणाले. "मग तुम्ही आलात केव्हा?"

"पाच वीसला."

"पाच वीस ते सात कुठे होता?"

"आत."

कोटाची दुसरी बाही लोंबत राहिली. मालकाची सून सुपाची दुसरी फेरी घेऊन आली. टेबलाकडे बघून ती पाच पावलं मागेच थांबली.

"ताई कशी होती?" त्यांनी विचारलं.

"हिरवी शाल होती. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, शेवटी पाठीमागे बांधले." बाई एकेक गोष्ट यादीत ओळ लिहावी तशी सांगत होत्या. "दुसऱ्या कडव्यात पियानोवाला पुढे पळाला. त्यांनी घाई केली नाही. त्यालाच परत यावं लागलं."

"ती घाई करायचीच नाही. शाळेची घंटा झाली तरी चालतच न्यायची मला." ते खुर्चीत बसले, कोट अर्धा अंगावर. "रागावलेली होती?"

"गाताना नाही. उतरताना दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिकडे बघितलं. नंतर टाळ्या बराच वेळ चालल्या."

"बराच म्हणजे किती?"

"मंचाच्या पायऱ्या उतरून त्या बाजूच्या दारापर्यंत पोचल्या, तरी चालू होत्या."

घड्याळजींनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी त्यांची सुपाची वाटी जवळ सरकवली. त्यांनी ती बाजूला केली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"पहिल्यापासून सांगा. पडदा उघडला तिथून."

"तिथून मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पहिली वीस मिनिटं माझीही हुकली."

"मग तुम्ही दार ढकललंत तिथून सांगा."