कुलपात सरलेली मुदत

उद्घाटनाची भाषणं चालू असतानाच अभ्यासिकेच्या भिंतीला ओल आली. टाकीत पाणी त्याच सकाळी पहिल्यांदा चढवलं होतं. ओल आधी सुनंदाताई कांबळेंना दिसली. त्या मुखेडच्या निवृत्त शिक्षिका. मुलींना अभ्यासाला जागा हवी म्हणून संस्थेच्या मागे लागून त्यांनीच ही इमारत मंजूर करून घेतली होती. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे संस्थेच्या इंजिनिअरकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं.

आतल्या पाइपच्या जोडाला चिकटवायचं सोल्युशन नीट लागलं नव्हतं. सरळसरळ कामातली चूक. अशी चूक ठेकेदाराने ठरावीक मुदतीत पदरच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. त्या मुदतीला डिफेक्ट लायबिलिटी पिरियड म्हणतात. आमच्या करारात तो एक वर्षाचा होता. काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला की मुदत सुरू. मग इमारत वापरा, नाहीतर कुलपात ठेवा.

आम्ही कुलपात ठेवली. उद्घाटनाला मोठे पाहुणे हवे होते आणि मोठ्या पाहुण्यांना सवड नव्हती.

मुदत चालू असताना ठेकेदार करीमभाई स्वतः आले होते. "साब, पाणी तर सोडून बघू द्या. चालवल्याबिगर खराबी कशी कळंल?" मी त्यांना अध्यक्षांकडे नेलं.

"फीत कापायच्या आधी नळ सोडायचा?" अध्यक्ष म्हणाले. "लग्न लागायच्या आधी पंगत बसवता का हो तुम्ही?"

"पंगत नका बसवू मालक, चूल पेटती का तेवढं बघू द्या."

अध्यक्ष मनापासून हसले. किल्ली दिली नाही.

उद्घाटनानंतर मी करीमभाईंना फोन केला. ते लातूरला दुसऱ्या कामावर होते.

"मुदत सरली साब. मिस्त्री बी हैदराबादला गेला. मी तवाच बोललो व्हतो का न्हाई?"

चूक त्यांच्याच माणसाची होती आणि बोलणं खरं होतं. भांडायला जागा उरली नाही.

त्याच भिंतीत विजेची वायरिंग होती, म्हणून अभ्यासिका पुन्हा बंद केली. दुरुस्तीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, तो अजून तिथेच आहे. सुनंदाताईंनी मुलींना आपल्या घरात बसवलं. परीक्षा तोंडावर, खोली एवढीशी. निम्म्या मुलींनी येणं सोडलं.

"वर्षभर भिंत कोरडी होती हो सर," त्या एवढंच म्हणाल्या.

आता करार करताना मी मुदत पहिला नळ सुटल्यापासून मोजायला लावतो. त्या इमारतीत पक्कं निघालेलं काम एकच, पाहुण्यांची नावं कोरलेल्या कोनशिलेचं. तिची हमी कुणी मागितली नव्हती.