सिंहगडाला कोपरे नाहीत

मुलांनो, डोंगर गोल काढायचा की टोकदार, यावरून परवा तुम्ही दोघे फोनवर भांडलात, म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजोबांबद्दल आताच लिहिते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. सरळ रेषेवर इतका राग असलेला माणूस धायरीतच काय, साऱ्या पुण्यात दुसरा झाला नसेल.

हडपसरला बेअरिंगच्या गोल गोळ्या घडवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म नोकरी केली. परमेश्वरही तिथेच शिकला असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. निसर्गात कोन नाही. कोपरा हा माणसाचा उद्धटपणा. दिवाळीला मी फराळ पाठवला की लाडू ठेवून शंकरपाळे परत येत, सोबत निरोप: असलं काही झाडाला लागलेलं दिसलं तर कळवा. सोसायटीच्या बागेतल्या सरळ वाटेवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. हिरवळीवरून वळसे घेत यायचे आणि त्यांच्या आधी पोचलेल्या आम्हा सर्वांची कीव करायचे. रोज सकाळी बाल्कनीत बसून समोरचा सिंहगड रंगवायचे. तो वाडगं पालथं घातल्यासारखा दिसे. एकदा मी म्हटलं, गडाचा कडा तर सुरीने कापल्यासारखा आहे. ते म्हणाले, "वहिनी, आपण डोळे तपासून घ्या."

मी घेतले. ठणठणीत निघाले. सोबतीला म्हणून तेही आले होते. मोतीबिंदू त्यांच्या दोन्ही डोळ्यांत सापडला, तोही चांगला पिकलेला.

दोन्ही ऑपरेशनं झाली आणि एका सकाळी ते वर आमच्याकडे आले.

"वहिनी, गडाचं काय केलंय हो यांनी?"

"कोणी काही केलेलं नाही. गड होता तसाच आहे."

बराच वेळ ते आमच्या बाल्कनीत उभे राहिले. मग खाली जाऊन त्यांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली. त्यांची बायको सांगायची, पानात पडेल ते नावं न ठेवता खातात, शंकरपाळेसुद्धा. तेव्हा मात्र आम्हाला खरी काळजी वाटली. इतक्या वर्षांचे सगळे गड खोटे निघाल्यावर माणसाने पुढे रंगवायचं तरी काय?

पावसाळा सरता सरता ते माझ्याकडे पट्टी मागायला आले. त्यांच्या घरात ती नव्हतीच. कड्याची रेघ त्यांनी तोंड वाकडं करून मारली. खालचा उतार रंगवायला घेतल्यावर जरा खुलले.

"कोन आहेत, वहिनी. मान्य. पण गवताने झाकून घेतलेत. डोंगराला थोडी लाज आहे."

ते चित्र पुरं व्हायच्या आत आजोबा गेले. त्यांच्या बायकोने ते मला आणून दिलं. उतार हिरवा, गोलसर, रंगवून झालेला आहे. वरच्या कड्याला रंग नाही. पेन्सिलीची रेघ अजून स्पष्ट दिसते.