धुळ्याच्या दोन पार्ट्या आणि मॅडमच्या सात अटी

तुम्ही चहा घ्या, मी अब्रू काढतो. स्वतःचीच! दुसऱ्याची काढायला मला फार कष्ट पडतात. स्वतःची मात्र मी एकदा मोबाईलवर, अंगठ्याने, अर्ध्या मिनिटात काढून दाखवली आहे.

फैजपूरला स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. लग्नाचा बायोडाटा म्हणा, अर्ज म्हणा, दशक्रियेची पत्रिका म्हणा, सगळं करतो. बोर्डावर लिहिलंय, 'अचूक काम'. हसू नका, पुढे खूप हसायचंय.

तर त्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि घरी जातिवंत लॅब्राडोर पाळणाऱ्या. पण धंदा? नाव काढू नका! तीन-चार वर्षांतून एकदा पिल्लं व्हायची. तीसुद्धा आईबाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, वंशावळीचे कागद, सगळं जुळलं तर. एकदा एक जण विचारायला आला होता, "मादी वर्षातून किती वेळा पिल्लं देते हो?" मॅडमनी त्याला पाणीसुद्धा न विचारता फाटकाबाहेर काढला. आणि 'कुत्री' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "आमची पोर" म्हणायचं!

"प्रमोद, लिही," मॅडम म्हणाल्या. "आमची पोर तुमच्या घरी देण्यापूर्वीच्या अटी."

मी लिहीत गेलो. एक, आधी आमच्याकडे येऊन आईला भेटा, मग आम्ही तुमचं घर बघायला येऊ. दोन, पोरीला साखळीने बांधायचं नाही, उन्हात गच्चीवर ठेवायचं नाही. तीन, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बाळंतपण नाही, नंतरही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय नाही. चार, जवळच्या नात्यात संबंध नाही. पाच, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. सहा, हात उगारल्याचं कळलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाऊ. सात, सांभाळणं जमलं नाही तर कुठे सोडून द्यायचं नाही, कोणत्याही वयात आमच्याकडे परत आणायचं. घर कायम उघडं आहे.

"हे धुळ्याच्या पार्टीला पाठव. किराणा दुकान आहे त्यांचं, पिल्लू हवंय. वाचून मान्य असेल तरच या म्हणावं." नंबर दिला आणि गेल्या. मी नंबर सेव्ह केला, 'धुळे पार्टी'.

अर्ध्या तासाने नाना आले. केळीवाले नाना, आमच्या गल्लीतले. मुलगी आरती, बी. फार्म झालेली, स्थळ बघणं चालू. "परमोद, आरतीचा बायोडाटा धुळ्याच्या पार्टीले पाठवून दे बरं. फोटो त्याईनं पाह्यला, पोरगी पसंत हाये. मले तं या मोबाईलमधलं काही समजत नाही."

हा नंबर मी कसा सेव्ह केला असेल? 'धुळे पार्टी २'! आता सांगा, माणसाच्या डोक्यात भुसा भरलेला असला की आणखी वेगळं काय होतं?

पाठवलं दोन्ही. शीळ घालत पाठवलं.

दुपारी फोन आला. धुळ्याचा नंबर, पलीकडे भारदस्त अहिराणी आवाज. नंतर कळलं की ते मूळचे साक्रीकडचे आबा, म्हणजे आरतीसाठी बघितलेल्या मुलाचे वडील. मी धरून चाललो की हे किराणावाले.

"हाई काय धाडं तुम्ही? पोरले साखळीले बांधू नका? आमना घर माणसं शेतस का कोन शेतस?"

मी मॅडमचा खास वकील असल्यासारखा ताठ बसलो. "आबा, रागावू नका. लोक बांधतात हो! आधीची एक पोर दिली होती भुसावळला, त्यांनी गच्चीवर बांधली. मॅडम स्वतः जाऊन सोडवून घेऊन आल्या."

"आधीनी एक?"

"एक कसली, आतापर्यंत अकरा दिल्यात!"

"अकरा पोरी?"

"एकावेळी नऊ झाल्या होत्या आईला. म्हणून तर बाळंतपणाची अट घातलीय."

आबांनी मोठा श्वास घेतला, तो मला धुळ्याहून ऐकू आला. "आमना पोऱ्या बँकमा शे," ते दुसऱ्या बाजूने आले.

"मग दिवसभर घरी कोण? एकटी राहिली की सोफा फाडते ती. पहिले आठ दिवस रडेल, तिकडे लक्ष देऊ नका. आणि चपला वर ठेवा, दात शिवशिवतात तिचे."

"आनि पोरना बाप…"

"बाप एक नंबर! पुण्याचा आहे. दोन पदकं मिळालीत. जवळचा नको म्हणून मॅडमनी मुद्दाम लांबून आणला होता, दोन दिवसांसाठी."

फोन कट झाला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मी स्वतःवर इतका खूश होतो की समोरच्या टपरीवरून कटिंग मागवला.

तो ओठाला लागतोय तोच दुसरा फोन. बाईंचा आवाज. गोड, पण सुरीसारखा गोड.

"मी धुळ्याहून बोलते. आमचं किराणा दुकान आहे. आमच्या ह्यांच्या मोबाईलवर तुमच्याकडून आलंय, 'स्थळ योग्य वाटल्यास कळवावे'. ही आरती कोण?"

चहा नाकात गेला.

"वहिनी, ती… ती पिल्लू…"

"अस्सं! पिल्लू म्हणता तिला?"

मागून एका पुरुषाचा रडवेला आवाज आला, "अगं, मी कुत्र्याचं बोललो होतो गं!" आणि पाठोपाठ भांडं पडल्याचा आवाज.

मग मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाईल उघडला. दोन्ही पार्ट्यांना एकमेकांचे कागद! घाईघाईने मेसेज पुसायला गेलो, आणि कुठे पुसला? फक्त माझ्याच मोबाईलमधून! पुरावा त्यांच्याकडे शाबूत, आणि मी कोरा.

वहिनींच्या हातापाया पडून खरा प्रकार सांगतोय, तोवर नानांची फटफटी दारात. मागे आरती.

"परमोद! आबा मले फोन करू राह्यले, की पोरीचा बाप पुण्याचा काऊन? अरे, मी पुण्याचा कवा झालो रे? आन् पदकं कसाची?"

मी स्टुलावर बसलो. खरं तर पडलो. नाना मला थोरल्या भावासारखे. आरतीला दोन स्थळं आधीच नकार देऊन गेलेली. हे तिसरं जुळत आलं होतं आणि त्यावर मी बोळा फिरवला होता. सगळं सांगून टाकलं, नऊ पिल्लांसकट.

आरतीने कागद मागितला. वाचता वाचता फिस्सकन हसली, मग डोळे पुसत हसली. सहाव्या, हात उगारल्याच्या अटीशी पोचली आणि हसू थांबलं. सातवी तिने दोनदा वाचली. "काका, आबांना लावा फोन. स्पीकरवर. तुम्हीच सांगा."

लावला. मी म्हणालो, "आबा, माफ करा. त्या अटी आरतीच्या नव्हत्या. त्या… कुत्रीच्या होत्या."

बोलून गेल्यावर कळलं की हे पहिल्यापेक्षा वाईट आहे.

"म्हंजे? आमले कुत्रीना कागद धाडा? बठ्ठं साक्री माले वळखस, आनि तुम्ही…"

तेवढ्यात कोणीतरी फोन ओढून घेतला. मुलाची आई होती, अक्का. "तुम्ही थांबा हो जरासा. नाना शेतस का तठे? नाना, हाऊ कागद कुत्रीना शे, समजनं. पोरना कागद कोठे शे?"

नाना गडबडले. "तो बायोडाटा पाठवतो आता, अक्का."

"बायोडाटा नही. अटी. तुमन्या अटी काय शेतस?"

"आमच्या?" नाना हात जोडूनच बोलले, जसं काही फोनला दिसतंय. "आमच्या कायच्या अटी, अक्का? आम्ही पोरीवाले."

"त्या बाईले तिनी कुत्रीनी इतली काळजी," अक्का म्हणाल्या, "आनि बापले पोरनी एक बी अट नही? मना बापनी असा कागद लिखी लेयेल राहता तं…"

नाना खाली बघत होते, टोपी हातात. मग हळूच म्हणाले, "परमोद, ते सातवं काय व्हतं, वाच बरं पुन्हा."

वाचलं. घर कायम उघडं आहे.

"हे ठेव," नाना म्हणाले.

"आणि सहावी," आरती म्हणाली. "जंताचं औषध काढा फक्त, काका."

रविवारी आबा, अक्का आणि बँकेतला मुलगा फैजपूरला आले. मी लपणार होतो, नानांनी ओढून नेलं. आबा दारात थांबले, आपल्या नव्या कोल्हापुरी उचलल्या आणि गंभीर चेहऱ्याने खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवल्या. आरती पोह्यांचा ट्रे घेऊन येत होती, तिला इतकं हसू फुटलं की अर्धे पोहे मुलाच्या मांडीवर. तो म्हणाला, "असू द्या, सोफा तरी वाचला." जुळलं तिथंच!

किराणावाल्या वहिनींनीही शेवटी अटी वाचल्या. मॅडम स्वतः धुळ्याला जाऊन घर बघून आल्या, अंगणात सावली किती पडते ते पावलांनी मोजून आल्या, आणि मगच पिल्लू दिलं.

एवढं सगळं गोड झाल्यावर मला वाटलं, आपणही एक पिल्लू घ्यावं. मॅडमकडे शेवटची एक पोर उरली होती. त्यांनी ओळखीबिळखीचा काही उपयोग होऊ दिला नाही. रीतसर आमच्या घरी आल्या, गॅलरी बघितली, पाण्याची जागा बघितली. मान हलवत होत्या, म्हणजे पसंत होतं! मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "हे नीट सांभाळतील ना हो तिला?"

लग्नाला सतरा वर्षं झालीत. नवऱ्याची बाजू घ्यायला याहून चांगली संधी कोणती?

बायको म्हणाली, "सांभाळतील हो मॅडम, जीव लावतील. फक्त तिचं इंजेक्शन शेजारच्या मांजरीला देऊन येतील."