जास्वंद, पिठ्या ढेकूण आणि मी

लोकांच्या शेतातली कीड घालवण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. घरच्या एकाच कुंडीतली कीड मात्र मला आठवडाभरात घालवता आली नाही.

मी निवृत्त कृषी सहायक. राहायला लातूरला, तिसऱ्या मजल्यावर. शेती म्हणाल तर गॅलरीतल्या सात कुंड्या, आणि त्याही सुमनच्या, म्हणजे बायकोच्या. त्यातली जास्वंद तिच्या आईच्या हातची. मुरुडचं घर विकलं त्या दिवशी सुमनने परसातली एक फांदी पदराखाली झाकून आणली होती. आई गेल्या, घर गेलं, राहिली ती ही जास्वंद. म्हणून लेकीकडे नांदेडला निघताना सुमन दारातच थांबली.

“बाकीच्या वाळल्या तरी चालतील. पर जास्वंदीला काय झालं तर मी तुमाला सोडनार न्हाई.”

“अगं, कुणाला सांगून राहिलीस? बारा गावची पिकं सांभाळली मी!”

“पिकं शेतकऱ्यांनी सांभाळली. तुमी सह्या केल्या,” म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्याच दिवशी कोवळ्या शेंड्यावर दोन पांढरे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण! कापूस चिकटवल्यासारखी कीड, रस शोषून झाड वाळवणारी. बोटाने चिरडले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण शेतकऱ्याला दोन किडे दिसले की तो पंप पाठीला लावायचा आणि त्याला अडवायचाच मला पगार मिळायचा. “आधी पाहणी, मग नोंद, आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणी!” हे मी इतक्या बांधांवर ओरडलो होतो, की आता स्वतःच्या गॅलरीत तो नियम मोडवेना. वही काढली. नियमाप्रमाणे वीस झाडं निवडून सरासरी काढायची असते. माझ्याकडे झाड एकच. मी तेच वीस वेळा मोजलं. (सरासरी दोन आली.)

चौथ्या दिवशी सरासरी चाळीसच्या पुढे गेली, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागली. फवारणी करावी, तर औषध जास्त होऊन झाड जळालं तर? सासूबाईंची आठवण माझ्या हातून जळाली तर सुमनला तोंड कसं दाखवू? तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला.

“जास्वंद दाखवा.”

मी फोन लांब धरून बरी बाजू दाखवली.

“एवढं लांबून? जवळ न्या की!”

“रेंज जाते गं!” असं म्हणून मी फोन बंद केला. गॅलरीत दोन पावलांवर रेंज जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

औषधाची भीती, म्हणून बिनविषारी उपाय करायचं ठरवलं. शेतात आम्ही पक्षी थांबे उभारायचो. काठ्या रोवायच्या, साळुंक्या येऊन बसतात, अळ्या खातात. मी तुटक्या झाडूच्या काठ्या कुंडीत रोवल्या. साळुंकी एक आली नाही. कबुतरं आली पाच! त्यांनी ढेकणाकडे ढुंकून पाहिलं नाही. जास्वंदीच्या दोन फांद्या मोडल्या आणि खालच्या मजल्यावरच्या गोदाताईंच्या वाळवणावर नको ते करून गेली.

मग चिकट सापळा. मिठाईच्या खोक्याचं पिवळं झाकण घेतलं, त्याला ग्रीस फासलं आणि टांगलं. उडणारे किडे त्याला चिकटतात. पिठ्या ढेकूण उडत बसत नाही, हे मला त्या घाईत आठवलं नाही. उडालं ते झाकणच! दहा मिनिटांत गोदाताई दारात. हातात त्यांची इरकल साडी, आणि साडीला माझा सापळा.

“भाऊ, हे काय करून राहिले तुमी? काल कबुतरं, आज ग्रीस! सुमनला कळायलाच पायजे हे!”

“ताई, पाया पडतो! तेवढा फोन लावू नका! साडी मी धुऊन देतो!”

“लावला बी. सकाळच्या गाडीनं निघते म्हणली.”

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जास्वंदीकडे पाहवेना. पानं गुंडाळलेली, कळ्या गळालेल्या. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. कुंडी उचलली, मोरीत ठेवली आणि बाहेरून दार लावलं. म्हटलं, चहापाणी होईपर्यंत काहीतरी सांगायला सुचेल.

प्रवासातून आलेलं माणूस घरात पाऊल टाकलं की आधी हातपाय धुवायला मोरीत जातं, हे मी विसरलो होतो.

सुमन आली ती थेट मोरीत गेली. मी दारात जाऊन उभा राहिलो. सुमन कुंडीजवळ बसून नखाने खोडाची साल खरवडत होती.

“माझं चुकलं गं,” मी म्हणालो.

“हिरवं हाय आत,” ती म्हणाली. “जित्ती हाय. साबणाचं पानी द्या अन् ब्रश द्या एक.”

मी हाताला लागला तो ब्रश पुढे केला, तिने तो घेतला आणि एकेक ढेकूण घासून काढला. तो माझा रोजचा दात घासायचा ब्रश होता.

“दर दोन महिन्याला येतेत हे. मी घासून टाकते,” ती म्हणाली. “तुमाला सांगायचं ध्यानात न्हाई आलं. वाटलं, तुमाला ठाऊकच असंल.”

पंधरा दिवसांत जास्वंदीला पालवी फुटली. सुमनने ही सगळी हकिगत मुरुडला आता शेतातच राहणाऱ्या तिच्या भावाला, अगदी वहीतल्या सरासरीसकट, हसत हसत ऐकवली. भावाची सहा एकर सोयाबीन आहे, आणि पानावर काही दिसलं की तो मलाच विचारत आला होता. अजूनही त्याचा फोन माझ्याच मोबाईलवर येतो. “दाजी, शेंड्यावर काहीतरी पांढरं पडलंय,” एवढं म्हणून तो थांबतो. मीही घसा खाकरतो, “थांब हां,” म्हणतो आणि फोन सुमनच्या हातात देतो.